गुरुवारचा तास

प्रिय शंतनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसशील. हसून घे. चार दिवसांत तुझे चार व्हॉइस मेसेज आले, राजा, कागदाचं काय झालं, ताईंची सही घेतलीस का, क्लिनिकात तपासणीवाले येतायत रे. मी एकालाही उत्तर दिलं नाही. फोन केला असता तर तू बोलला असतास आणि मी हो हो म्हणालो असतो. फलटणच्या शाळेपासून आपलं तेच चाललंय. म्हणून लिहितोय. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

नववीत मी शाळा सोडली, तू शिकत राहिलास, इथे परदेशात आलास, पापाकुराच्या क्लिनिकात मॅनेजर झालास. मॅनेजर म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. आता कळलं. डॉक्टरला जे स्वतःच्या तोंडाने बोलायचं नसतं ते बोलायला ठेवलेला माणूस.

दीड वर्षापूर्वी मीच तुझ्या गळ्यात पडलो होतो, आमच्या अनुयाताईचं बघ म्हणून. बाबा गेल्यावर मला वाढवलं ते तिने. इथे येऊन हॉस्पिटलात इतकी वर्षं नर्स, ड्यूटी करून अभ्यास, आणि मग नर्स प्रॅक्टिशनर झाली. म्हणजे पेशंट स्वतः तपासायचा, औषध स्वतः लिहून द्यायचं, चुकलं तर नाव आपलं. पहिलीच नोकरी अशी. तू म्हणालास, अरे घरचंच आहे, पाठव. दर गुरुवारी दुपारी दोन ते तीन मोठे डॉक्टर तिच्याबरोबर बसणार, अवघड पेशंटांबद्दल बोलणार, काय अडलं ते सांगणार. दुसरीकडे पगार बरा होता, पण ती त्या तासासाठी तुमच्याकडे आली. तो तास दोनदा झाला. दोनदा! मग तू त्यात पेशंट भरायला लागलास, आणि कॉम्प्युटरवर मात्र ‘डॉक्टर आणि अनुया, चर्चा’ तसंच राहू दिलंस.

एका सामोअन आजींची पोटरी सुजली होती. ताईला शंका आली, एकदा विचारून घ्यावं म्हणून ती डॉक्टरच्या दाराकडे गेली. तू काउंटरवरून सगळ्या पेशंटांसमोर ओरडलास, सिस्टर, डॉक्टर बिझी आहेत, आता मोठ्या झालात ना तुम्ही, बघा तुमचं तुम्ही. सिस्टर! दाराच्या पाटीवर तिचं नाव आणि हुद्दा आहे, ती पाटी तूच लावलीस ना? तिने आजींना ॲम्ब्युलन्सने पाठवलं. पायात गाठ निघाली रक्ताची. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्यावरच उखडले, मला न विचारता ॲम्ब्युलन्स का बोलावली. तू तिथेच उभा होतास आणि प्रिंटरमध्ये कागद भरत होतास. त्यानंतर ती दुपारचा डबा गाडीत बसून खायची, काचा वर करून.

यातलं मला परवापर्यंत काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मे महिन्यात तिचा फोन आला होता, राजा, मला ही नोकरी सोडायचीय रे. आणि मी, मी कोण, तर हिल्सबरोला परांची बांधायचं काम चार महिन्यांत सोडलेला, का, तर मुकादम म्हणाला जँडल, म्हणजे रबरी चप्पल, घालून वर चढू नकोस. किवीफळांच्या शेडमधून एका हंगामात पळालेला. तो मी तिला म्हणालो, ताई, अशी धरसोड बरी नाही, शंतनूला काय तोंड दाखवू? खरं सांगायचं तर शंतनूचं तोंड गेलं खड्ड्यात, मला माझ्या व्हिसाची पडली होती. गाईंच्या फार्मवरचं हे काम तू लावून दिलंस, इंग्रजी फॉर्म तू भरतोस, मार्चमध्ये पुन्हा भरायचाय. तिला ते न सांगता कळलं. आठ महिने अजून काढले तिने तिथे.

आता सुटली. सोमवारी हेन्डरसनला नव्या ठिकाणी जाणार. तिथे भेटायला गेली तेव्हा तिने त्यांना एकच विचारलं, अडलं तर कुणाला विचारायचं? तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला, दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं. हे सांगताना ताई फोनवर रडली. असल्या साध्या वाक्याला कुणी रडतं का, शंतनू? तुमच्याकडे दीड वर्ष काढलेलं माणूस रडतं.

तर तुझा कागद. गेल्या शनिवारी ताई दोन दिवस माझ्याकडे आली होती, इन्व्हरकार्गिलला विमानाने. तू पाठवलेला फॉर्म मी फार्मच्या मालकीणबाईंकडून छापून घेतला आणि पोहे खाता खाता तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, शंतनूला हवंय, नुसती सही. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, तुझा व्हिसा मार्चमध्ये आहे ना? आण पेन. सही केली, ताटली धुतली, आणि गाई दाखव म्हणाली.

होय, सही झालेला कागद शनिवारपासून माझ्याकडे आहे. रविवारी ती गेल्यावर पाकिटात घालायला म्हणून घेतला. मला ते इंग्रजी वाचता येत नाही, तुला माहीतच आहे. पण तारखा येतात. खाली बावन्न गुरुवार ओळीने मांडलेत, प्रत्येकापुढे दोन ते तीन आणि बरोबरची खूण, म्हणजे तास झाला. त्यात सप्टेंबरचे दोन गुरुवार आहेत. त्या दोन्ही गुरुवारी ताई फलटणला होती, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळ्यावर पट्टी लावलेल्या आईला ती व्हिडिओवर धरून होती आणि मी इथून बोलत होतो. खोटं लिहायचं तर लेका कॅलेंडर तरी बघायचंस!

मग परवा मी तिला फोन केला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, ताई, तिथे काय काय झालं, सगळं सांग. दीड तास बोलली. शेवटी विचारलं, उद्या त्यातल्या एखाद्या पेशंटचं काही बिघडलं तर हा कागद काय म्हणेल? ती म्हणाली, म्हणेल की डॉक्टरांनी दर आठवड्याला शिकवलं आणि तरी हिने चूक केली. हे माहीत असून सही केली होती तिने. मी म्हटलं, काय करू कागदाचं? ती म्हणाली, तुझा व्हिसा? मी म्हटलं, व्हिसाचं मी बघतो, तू कागदाचं बोल. मग म्हणाली, फाड.

फाडलाय. हे पत्र तेवढं कळवायला. तुकडे याच पाकिटात आहेत, सगळे. फक्त सही होती तो तुकडा शेगडीत घातला. मार्चचा फॉर्म तू भरू नकोस, इथल्या मालकीणबाई बसते म्हणाल्यात माझ्याबरोबर, आणि नाहीच जमलं तर परत जाईन, माझ्यासारख्याला काम कुठेही मिळतं. तपासणीवाले विचारतील तेव्हा गुरुवारी दोन ते तीन काय चालायचं ते तूच सांग. काउंटरवर तू होतास. ताईला फोन करायचा नाही.

एके काळचा तुझाच,
राजाराम