अंगावरचं उंचीत जातं

प्रिय मीसन,

फोन मीच आपटला, हे खरं. त्यानंतर तू पुन्हा पुन्हा केलास आणि मी उचलला नाही, हेही खरं. पण इथे म्हाताऱ्यांच्या बैठकीत फोन आला की सगळ्या जणी पत्ते खाली ठेवून कान टवकारतात. आणि आपण दोघी फोनवर दोन वाक्यं धड बोललोय असं झालंय कधी? म्हणून लिहायला बसले. लिहिताना तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. इस्पितळातल्या तुझ्या रात्रपाळ्या संपल्या, नवीन वर्षापासून दिवसाची पाळी मिळणार, तेव्हा माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या लेकीला, दानबीला, आता तू सोल शहरात नेणार. शाळेतल्या तपासणीत पोरीचं वजन जास्त भरलं, म्हणून तिकडे तिला दोरीवरच्या उड्यांच्या शिकवणीला घालणार. अगं बाई, उड्या मारायला शिकवणी? उद्या कुणी शिंकायची शिकवणी काढली तर तुम्ही सोलवाले तिथेही रांग लावाल.

वजनाबद्दल मी एवढंच म्हटलं होतं की पोरीच्या अंगावरचं सगळं पुढे उंचीत जातं. त्यात मी जगावेगळं काय सांगितलं? माझी आई हेच म्हणायची, तिची सासूही हेच म्हणत असणार. पुरावा हवा तर आरशात बघ. दानबीच्या वयाची असताना तू इतकी गोल होतीस की सणाचे कपडे घातलेस की पुढून नि मागून सारखीच दिसायचीस. मग मोठ्या शाळेत गेलीस आणि वर्षभरात सरसरून वाढलीस. ते काय हवेवर झालं? माझ्या रताळ्यांवर झालं.

हेच मी बाजारगावच्या डॉक्टरला ऐकवलं. पोरगाच आहे तो, अजून मिशी धड फुटलेली नाही. त्याने विचारलं, त्या वर्षी तुमची मुलगी शाळेत जायची कशी? मी म्हटलं, सायकलने, खिंडीपलीकडे, रोज. तो नुसता हसला. मला तेव्हा त्या हसण्याचा फार राग आला. मग त्याने दानबीला विचारलं की तू कुणाबरोबर खेळतेस. तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, फुलांचे पत्ते खेळते, आज्यांबरोबर.

आता यात पोरीचं काय चुकलं? आपल्या गावात तिच्यानंतरचा सगळ्यात तरुण माणूस म्हणजे गावप्रमुख, आणि त्याला गेल्या वर्षी कवळी बसली. शाळेची गाडी तिला दारातून उचलते नि दारात सोडते. मग ती बैठकीत येते. ओकबुनबाई तिच्या तोंडात तांदळाची चिकट वडी घालते, चुंजाबाई संत्रं सोलून देते, मी भाजलेलं रताळं देते. कुणीच जास्त देत नाही गं. आम्ही देणाऱ्याच पुष्कळ आहोत.

डॉक्टरने सांगितलं, मुलीला हलवा, चांगला दम लागेपर्यंत. म्हटलं, बघच आता. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी आम्ही दोघी टेकडीवरच्या झऱ्यावर पाणी आणायला जायला लागलो. पुढे मी काठी टेकत, मागे ती कॅन घेऊन. दम लागायचा, अगदी डॉक्टरने सांगितला तसा. पण माझा. महिनाभरात माझी विजार कमरेवर ठरेना. ओकबुनबाईला वाटलं मला काहीतरी मोठं दुखणं झालंय नि मी लपवतेय. ती डोळे पुसत पाइनच्या बियांची पेज घेऊन आली. ती पेज दानबीने खाल्ली.

आणि पोरीचं वजन? जिथल्या तिथे, किंबहुना थोडं वरच. मी डॉक्टरवर चिडले, त्याच्या काट्यावर चिडले. दानबीवर काय चिडणार? एकदाही कुरकुरली नाही ती. चढावर माझ्यामागून गाणी म्हणत यायची. गाणी म्हणत, मीसन. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

गेल्या शनिवारी शाळेत खेळांचा दिवस होता. घरच्या माणसाचा हात धरून धावायची शर्यत असते ना, तीही होती. बाकीच्या पोरांबरोबर त्यांचे आईबाप, चांगले धडधाकट, नवे कोरे बूट घातलेले. दानबीबरोबर मी. शिट्टी वाजली आणि तिने मला असा हिसका दिला की माझी टोपी मागेच राहिली. पण जेमतेम थोडं पुढे गेलो असू, तोच तिने वळून माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि वेग कमी केला. मग आणखी कमी केला. सगळे पोचले, टाळ्या वाजून संपल्या, माइकवाल्या मास्तरांनी पुढचा खेळ पुकारला, तेव्हा कुठे आमची स्वारी रेघेवर आली. मी काठीवर रेलून धापा टाकत होते. आणि ती मास्तरांना हसत हसत सांगत होती, "मी जाडी आहे ना सर, माझ्यामुळे आजीला उशीर झाला."

माझ्यामुळे म्हणाली ती. आणि लगेच माझ्यासाठी पाणी आणायला मैदानाच्या पार त्या टोकाला पळाली. मी तिला पळताना कधी बघितलंच नव्हतं. ते तिचे जाड पाय, आणि काय पळते गं पोरगी. मधली दोन मोठी मुलं तिने सहज मागे टाकली. मला तिथेच रडू आलं. विचारणाऱ्यांना मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

म्हणून हे पत्र. तुझं ते वजनबिजन मला अजून पटलेलं नाही, नि दोरीची शिकवणी तर मुळीच नाही. पण ती जाड आहे म्हणून सावकाश चालत नाही, मीसन. ती माझ्याबरोबर चालते म्हणून सावकाश चालते. नवीन वर्षाला ये आणि तिला घेऊन जा. तिच्या वयाची पोरं जिथे हुंदडतात तिथे तिला सोड, आणि जमेल तेव्हा तूही तिच्याबरोबर धाव. फक्त मी हो म्हटलंय हे तिला कळू देऊ नकोस, आणि आजी एकटी पडेल हा विषय चुकूनही काढू नकोस, नाहीतर ती इथून हलायची नाही. तिला सांग, आईला सोलमध्ये एकटीला चालणं जमत नाही, सारखी मागे पडते. मागे पडणाऱ्यासाठी थांबायची खोडच आहे त्या पोरीला. ती येईल तुझ्याबरोबर.

तुझीच,
आई