आधी टाकी, मग यंत्रं

४ फेब्रुवारी, मंगळवार

सही केली नाही!

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा स्वतः काढून दिलं. नव्या डाईंग युनिटची परवानगी. सातव्या रकान्यात आधीच टाइप करून ठेवलेलं — 'सध्याचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र विस्तारासाठी पुरेसे आहे.' खाली माझं पद, माझ्या सहीची जागा.

पुरेसं कसलं? आज कापड रंगवून रोज दहा लाख लिटर पाणी माझ्याकडे येतं. केंद्र बांधलंय बारा लाखांचं. नवं युनिट सुरू झालं की बावीस येणार. उरलेलं दहा लाख मी काय ओंजळीने पिऊ?

साहेब म्हणाले, "अहो ताई, कागदच तर आहे."

म्हटलं, "कागद फायलीत राहील साहेब. पाणी नदीत जाईल."

ते हसले. मी नाही हसले. पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्याकडेच परत ठेवलं. 

५ फेब्रुवारी, बुधवार

बातमी पसरली. डबा खाताना माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. बरंय — कोपर टेकायला जागा झाली!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कँटीनवालीने चहा आपटला. "तुझ्या टाकीपायी माझा मुलगा तिकडे परगावीच म्हातारा होईल. चारशे जागा निघणार आहेत, माहितेय ना?"

माहितेय. मला नाही तर कुणाला? या गावातून दर वर्षी किती पोरं बॅग उचलून जातात, ते मीही पाहते. मला कारखाना नकोय असं नाहीच मुळी. याच कारखान्यावर आमचं घर उभं राहिलं. हे इथे फिटर, मी चौदा वर्षं केंद्रावर. लेकीचं, ठकीचं, कॉलेज याच्यावरच झालं.

मी फक्त म्हणते — आधी तिसरी टाकी बांधा, मग यंत्रं आणा. आठ महिने लागतील. आणि शेवटच्या धुलाईचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, तेच पहिल्या धुलाईला वापरा. नदीतून उपसायचं पाणी तिसऱ्या हिश्शाने कमी होईल. चारशे जागा आठ महिन्यांनी निघतील, पण नदीही असेल. हे सगळं दोन वर्षांपूर्वी लिहून दिलंय. साहेबांच्या कपाटात आहे. कपाटाला किल्ली आहे. किल्लीला साहेब आहेत.

हे जेवताना एवढंच म्हणाले, "अगं, आपण एकाच घरातले दोघं तिथे आहोत." धमकी नव्हती ती. भीती होती. म्हणून जास्त लागली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी टाकली आणि नदीच्या कडेकडेने खाली गेले, पाणीपुरवठ्याच्या पंपघरापर्यंत. खालच्या सगळ्या वस्तीचं पिण्याचं पाणी तिथून उचलतात. पंपवाल्याने गाळणीची जाळी काढून दाखवली. तारांवर निळसर साय.

"हा आत्ताचा रंग. उन्हाळ्यात नदी करंगळीएवढी होते, तेव्हा दुप्पट ब्लीचिंग पावडर टाकतो. तरी लोक विचारतात, पाण्याला वास कसला?"

म्हणजे आजसुद्धा माझ्याकडून काहीतरी सुटतंय! चौदा वर्षं मान ताठ ठेवून फिरले, आणि हा माणूस खाली मुकाट्याने माझं उरलेलं निस्तरतोय. त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "नाही हो, तुम्ही आहात म्हणून एवढंच येतं."

परत येताना पूर्ण वाट हे वाक्य चघळत आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठकीला नोकरी लागली! पदवी घेऊन दीड वर्ष घरात बसली होती. पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचली. ओट्यावरचं पीठ सांडलं, मला मिठी मारली, बापालाही मारली. संध्याकाळी लगेच बूट आणले — केंद्रावर ओलं असतं म्हणून जाड तळाचे.

पद — शिकाऊ केमिस्ट. विभाग — सांडपाणी प्रक्रिया. म्हणजे माझ्याच हाताखाली.

साहेब इतके का खूश आहेत आमच्यावर? पाल चुकचुकली. पण लेकीच्या तोंडावरचा आनंद पाहून पालीला म्हटलं, गप बस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठकीला टाकी शिकवतेय. काचेच्या नळकांड्यात पाणी भरायचं, अर्धा तास हलवायचं नाही, गाळ किती खाली बसतो ते बघायचं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दाखवले — हेच रंग खातात, आपण फक्त त्यांना हवा पुरवायची. जास्त घाण एकदम आली की गुदमरतात, चार-पाच दिवसांत टाकी काळी पडते.

ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "आई, तू हे सगळं आम्हाला घरी कधी सांगितलंच नाहीस."

विचारलंच कुणी होतं? घरी आले की सगळे एकच म्हणायचे — आधी आंघोळ कर!

२४ फेब्रुवारी, सोमवार

बदली. मी — सुताच्या गोदामात. केंद्राचा तात्पुरता ताबा — ठकीकडे.

आता कळलं पाल का चुकचुकत होती! दहा दिवसांच्या पोरीच्या हातात केंद्र द्यायचं, म्हणजे सहीही तिचीच चालेल. साहेब म्हणाले, "ताई, तुम्हाला जरा आराम." म्हटलं, "आराम मला नकोय, टाकीला हवाय."

रोजच्या नोंदींच्या माझ्या हातच्या चौदा वह्या पिशवीत भरल्या. गेटवर वॉचमनने पिशवीत डोकावून पाहिलं. "काय आहे?" — "माझं अक्षर." सोडलं त्याने.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठकीने सही केली.

मला कळलं कँटीनवालीकडून. तिने आज चहाबरोबर बिस्किटंही ठेवली. "शहाणी आहे हो तुमची मुलगी."

घरी आल्यावर दारातच विचारलं. खोटं बोलली नाही. "हो. केली. तिसरी टाकी नंतर बांधणार आहेत, साहेबांनी शब्द दिलाय."

"शब्द टाकीत ओतता येत नाही, ठके."

"चौदा वर्षं तू नाही-नाही म्हणत राहिलीस. काय झालं? गोदामात गेलीस! मला आत राहून काहीतरी करायचंय. बाहेर पडून बरोबर ठरण्यात काय आहे?"

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.  पण सातव्या रकान्यात खोटं लिहिलंय ते लिहिलंय. आपलेच दात, आपलेच ओठ. ओठ फुटला तरी दात उपटून टाकता येतात का?

तिने बूट बाहेर काढून ठेवले होते. मी आत आणून पुसले. का पुसले कोण जाणे.

२ मार्च, रविवार

विस्तारावरच्या जनसुनावणीत बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नोंदवून आले. पहिला नंबर.

हे म्हणाले, "तू लेकीविरुद्ध उभी राहणार?"

म्हटलं, "आकड्याविरुद्ध. लेक मध्ये आली तर तिने बाजूला व्हावं."

बोलताना आवाज चढला होता. आता लिहिताना तेवढा चढत नाही. तरी नाव खोडणार नाही.

१० मार्च, सोमवार

सुनावणी झाली. आठवतंय तसं उतरवून ठेवते.

सभागृह गच्च. निम्मी गर्दी नोकरी मागणाऱ्या पोरांची, हातात पदव्यांच्या फायली. त्यांचा राग येत नव्हता, हेच अवघड. मंचावर परवाना खात्याचे अधिकारी, शेजारी साहेब. साहेबांच्या मागे ठकी. नजर टेबलावर.

मी उठले तशी आरडाओरड. "बसा हो बाई! तुमची सोय झालीय, आमचं काय?" एकाने कागदाचा बोळा फेकला. तो उचलून पिशवीत टाकला — कचरा उचलायची सवय चौदा वर्षांची आहे!

म्हटलं, "मी कारखान्याच्या विरोधात नाही. या पोरांना काम मिळालंच पाहिजे. पण नदी मेली की कारखानाही बंद पडतो. रंगवायला पाणी कुठून आणणार? मग चारशे राहू दे, आज आहेत ते सहाशेही घरी. आधी टाकी, मग यंत्रं. आठ महिने मागतेय मी, आठ जन्म नाही."

मग साहेब उठले. आवाज अगदी मऊ. "पण केंद्र पुरेसं आहे असा अहवाल आहे. आणि त्यावर सही यांच्या कन्येचीच आहे."

हशा. टाळ्या. मी ठकीकडे पाहिलं. तिची मान आणखी खाली.

म्हटलं, "हो. सही तिची आहे. ती दहा दिवसांची केमिस्ट होती तेव्हाची. या चौदा वह्या माझ्या. आम्हा मायलेकींत कोण खरं ते आम्हाला विचारू नका. टाकीला विचारा! साठवण तळ्यात रंगाचं जुनं पाणी पडून आहे. ते मिसळून रोज वीस लाख लिटर सोडा. सात दिवस. बाहेर पडेल ते नदीत नाही, दुसऱ्या तळ्यात घ्या. टाकीने पचवलं तर याच सभागृहात मी हात जोडून माफी मागेन."

अधिकाऱ्यांनी वह्या मागवल्या. बरीच पानं उलटली. मग साहेबांना विचारलं, "चाचणीला तुमची हरकत?"

एवढ्या लोकांसमोर हरकत घेणार कशी! बुधवारपासून चाचणी. लेखी आदेश.

बाहेर पडताना पंपवाला भेटला. खास आला होता, दाढी करून.  नुसती मान डोलावली.

१२ मार्च, बुधवार

चाचणी सुरू. मला केंद्रावर मज्जाव. गोदामाच्या मागच्या खिडकीतून टाकीचा वास येतो. आज ठीक.

१४ मार्च, शुक्रवार

तिसरा दिवस. अजून ठीक. मीटरवर वीस लाख, पाणी नितळ. नोटीस बोर्डावर आकडे मोठ्या अक्षरांत लावलेत — मुद्दाम गोदामाच्या दाराशी.

१५ मार्च, शनिवार

चौथा दिवस. वास नाही. काही नाही.

मी चुकले का? चौदा वर्षं ज्या टाकीशी बोलले, तिलाच ओळखलं नाही? चुकले असेन तर माफी मागेन. सभागृहात, हात जोडून, सगळ्यांसमोर. बोलले ते बोलले, मागे सरणार नाही. मग त्या चारशे पोरांना पेढे— नाही, एवढं नाही जमणार! पण माफी मागेन.

 ठकी जेवते, बूट घालते, जाते.

१६ मार्च, रविवार

मी चुकले नव्हते!

सकाळी चहा घेताना हे एकदम म्हणाले, "ती पाइप मी जोडली."

कुठली पाइप? केंद्राच्या भिंतीमागून, बोअरच्या पंपापासून टाकीच्या तोंडापर्यंत. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी जोडून घेतली. म्हणजे मीटरवर वीस लाख, पण त्यातलं आठ लाख बोअरचं ताजं पाणी! रंगाचं बाराच. बारा तर माझी टाकी डोळे मिटून पचवते!

आणि वर जमिनीखालचं चांगलं पाणी दिवसाला आठ लाख लिटर रंगाच्या पाण्यात. पिण्याचं पाणी! चाचणी पास व्हावी म्हणून!

"आणि तुम्ही आज सांगताय?"

हे कपाकडे बघत म्हणाले, "काल नोटीस बोर्डासमोर तुला उभी पाहिली. स्वतःवरच शंका घेत होतीस. ते नाही बघवलं."

रडू आलं. रागाचं की कशाचं, वेगळं करता येईना. ठकी दारात उभी होती. तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"यंत्रं थंड ठेवायला आहे असं सांगितलं होतं मला." मग, "मी पुढे विचारलं नाही."

म्हटलं, "उद्या अधिकाऱ्यांची गाडी गेटवर अडवणार. आडवी पडेन, पण सांगेन. तुमची दोघांची नावं येतील. आत्ताच सांगून ठेवते."

हे म्हणाले, "येऊ दे."

 ठकीने आत जाऊन दार लावून घेतलं.

१७ मार्च, सोमवार

गाडी अडवायला गेले तर अधिकारी आधीच आत होते. ठकीनेच बोलावलं होतं, सहाच्या ठोक्याला फोन करून. त्यांच्यादेखत तिने त्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला, वरचं चाक काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि आपली सही लेखी मागे घेतली. तिसरी टाकी चालू झाल्याशिवाय विस्ताराला परवानगी नाही — शिक्क्यासह आदेश.

ठकीची नोकरी अकरा वाजता गेली. यांची साडेअकराला.

माझी अजून आहे!