टोक टोकाला, कूस कुशीला

सांगली
१२ फेब्रुवारी १९७४

चि. सुकुमार यास आत्याचे आशीर्वाद. घरचा रिवाज म्हणून लिहिले आहेत, याची नोंद घ्यावी.

रविवार, १० फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, साताऱ्यात तुमच्या विज्ञान मंडळाच्या सभेत, साठ माणसांदेखत तू माझं ताट उचललंस आणि पाणी जिऱ्यासकट खिडकीबाहेर ओतलंस. वर म्हणालास, आत्यांनी स्वयंपाकघरातली छान गंमत दाखवली, आता चहा घेऊ. लोक हसले. मी सव्वीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. निवृत्त होताना डोळे शाळेत जमा करून आलेले नाही.

मठ्ठ वर्गाला सांगतात तसं पुन्हा सांगते. राजगिऱ्याचे गोल दाणे पाण्यावर सोडले की मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे दाटीने बसतात, कारण गोल दाण्याभोवती पाणी सगळीकडून सारखंच वाकतं. जिरं लांबट. त्याच्या टोकांशी पाणी एका तऱ्हेने वाकतं, कुशीशी दुसऱ्या. सारखा बाक सारख्या बाकाकडे ओढला जातो. म्हणून दोन जिरी टोकाला टोक लावतात, नाहीतर कुशीला कूस. टोक कुशीपाशी आलं तर आपणहून वळतात. ढकलावं लागत नाही. आठ महिने रोज सकाळी पाहिलं, वहीत चित्रं काढली. तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे डोळ्यांना न दिसणारे लांबट कणही असेच जुळत असतील, असं माझं म्हणणं आहे. चूक असेल तर दाखव. ओतून टाकणं म्हणजे दाखवणं नव्हे.

मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादक तूच आहेस. माझा लेख छापणार की नाही ते कळव.

तुझी,
चंदनबाला आत्या


सातारा
१५ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आत्यांस सुकुमारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनचा हात भाजला नाही, हे नवल. सभेत घाई झाली हे कबूल. पाहुण्यांना म्हसवडची गाडी गाठायची होती.

पण मी अगदीच अन्याय केलेला नाही. परवा घरी तीनदा करून पाहिलं, आपल्या जैन रीतीप्रमाणे पाणी फडक्यातून गाळून. निम्मं जिरं बुडालं, उरलेलं सैरभैर. एकही रांग नाही. शिवाय माझ्या पुस्तकांत सगळं गणित गोल कणांचं. लांबट कणांबद्दल अवाक्षर नाही. असं असताना छापलं तर लोक म्हणतील, घरची म्हणून घेतलं. ‘गृहिणींसाठी’ या सदरात अर्धं पान देतो. खाली ‘एक वाचक भगिनी’ असं घालू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. वार्षिक चार मार्चला छापखान्यात जाईल.

गुणमाला मजेत आहे, तुमच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण काढते. राग निवळला की माया पुन्हा पूर्वीसारखी करा.

आपला,
सुकुमार


सातारा
१८ फेब्रुवारी १९७४

ती. आत्यांना गुणमालाचा सा. न.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. यांनी ज्या फडक्यातून पाणी गाळलं, ते मी त्याच सकाळी सोडा-साबणात उकळलं होतं आणि नीट खळबळून काढायचं राहिलं. साबण पाण्यात उतरला की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण जातो, हे तुम्हीच आम्हांला आठवीत शिकवलंत. चूक माझी.

काल दुसरं फडकं चार पाण्यांतून काढलं, त्यातून पाणी गाळलं, जिरं सोडलं. आवं आत्या, आमच्या तासगावच्या बागेतल्या वेलींसारखी रांग धरली! यांना हाक मारली. अर्धा तास वाकून बघत होते. सुईने एक जिरं आडवं केलं, तर ते हळूच वळून सरळ झालं. मग जेवताना म्हणाले, हे आत्यांना कळवू नकोस, साठ माणसांसमोर आता काय तोंड दाखवू. मी म्हटलं, फडकं कुणी धुतलं ते सांगा की साठजणांना, मला न्हाई लाज. तर जेवणाच्या ताटावरून उठले.

माझं नाव खुशाल घ्या.

तुमची,
गुणमाला


सांगली
२० फेब्रुवारी १९७४

सुकुमार,

गुणमालाने सगळं कळवलं आहे. तिच्यावर आवाज चढवायचा नाही.

पंधरा तारखेला तू चुकला होतास. चुकणाऱ्याला मी कधी नापास केलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरसुद्धा चुकीच्या उत्तराला पट्टी मारत नसत. चूक समजल्यावर वही लपवणाऱ्याला मारत. सतरा तारखेला तू डोळ्यांनी पाहिलंस आणि वही लपवलीस. घरची म्हणून घेतलं, असं लोक म्हणतील याची तुला भीती वाटते. घरची म्हणून ओतलं, असं म्हणायची मात्र कुणाची छाती नाही!

अर्धं पान नको. लेख पुरता छापायचा, मुख्य भागात, माझ्या नावाने. दुसरा प्रयोग सौ. गुणमालाने केला, हे तिच्या नावानिशी लिहायचं. तुझे तीन फसलेले प्रयोगही छापायचे, फडक्यासकट. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. साबणाने रांग मोडते, हे तुझ्यामुळे कळलं. मला आठ महिन्यांत सुचलं नव्हतं. त्याचं श्रेय तुलाच देते. घेण्याची हिंमत असेल तर घे.

तीन मार्चला तुमची पुढची सभा आहे. तिथे तू उभा राहून हे वाचायचंस. नाहीतर मी सकाळच्या एस. टी. ने ताट घेऊन येते आणि दारातच बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दोन जिरी सोडायची आणि मगच तुझं भाषण ऐकायचं.

गुणमालाकरवी निरोप चालणार नाही, लोणच्याच्या गोष्टी चालणार नाहीत. होय की नाही, ते तुझ्या सहीनिशी, लेखी, गुरुवार २८ फेब्रुवारीच्या दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे.

चंदनबाला