जोडकार्डाचे उत्तर

मी, अंजनाबाई देवाजी रामटेके, वय चौपन्न, धंदा शिवणकाम, राहणार इंदोरा, नागपूर, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते आणि शेजारचे निवृत्त शिक्षक कृष्णकांत गुरुजी ते लिहून घेतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा अजून जन्मायचा आहे. सोमवारी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. नुसता डोळा आहे म्हणतात, पण सुरी हातात असलेल्या माणसाचा मी भरवसा धरत नाही.

१. दोन खोल्यांचे घर माझी एकुलती मुलगी प्रेमिला हिचे. तिच्या एकटीच्या नावे. जावई रविंद्र कन्हानला खाणीत कामाला आहे, माणूस बरा आहे. पण बरी माणसेच गोड बोलून सही घेतात.

२. शिलाई मशीन प्रेमिलाला. इतवारीतल्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिल्यास समोर बसून राहावे, तो चांगला भाग काढून जुना बसवतो. मशीनच्या खणाची किल्ली माझ्या गळ्यात आहे. खणात एक पत्र आहे, त्याबद्दल खाली सांगते.

३. प्रेमिलाच्या पाठीवर, डाव्या बाजूला, लांब व्रण आहे. लहानपणी चुलीवर भाजलीस, असे मी तिला सांगितले. ते खोटे आहे. ती सात महिन्यांची असताना, सन १९६४ मध्ये, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. हृदयातून निघणारी रक्ताची मोठी नळी एका जागी चिमटलेली होती. तेवढा तुकडा कापून डॉक्टरांनी नळी जोडली. माझी पोर जगली. पुढे लग्नात अडचण नको म्हणून तिचे सगळे ब्लाउज मी बंद गळ्याचे, पाठभर शिवले. सासरी कोणाला माहीत नाही, तिलाही नाही.

४. त्या दवाखान्यातून दर जानेवारीत जोडकार्ड येई. एका कार्डावर प्रश्न, दुसरे उत्तरासाठी कोरे. पाय गार पडतात का? चालताना पोटऱ्या दुखतात का? डोके दुखते का? माझे यजमान देवाजी भाबडे होते, ते मन लावून उत्तर लिहीत. मला मात्र पहिल्यापासून संशय होता. ऑपरेशन हृदयाचे आणि चौकशी पायांची काहून? पुन्हा चिरायला बोलावतील, पोरांवर प्रयोग करतील, असे मला वाटे. यजमान १९७२ साली वारले. पुढच्या जानेवारीत पोस्टमनने कार्ड समोरच्या सिंधूताईकडे टाकले, तिने ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि ती नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुया पोरीच्या दिलाचं आपरेशन झालं म्हणे. काहून लपवून राहिली वं?" मी तिला खोटारडी ठरवले. घरी येऊन कोऱ्या कार्डावर लिहिले, "मुलगी वारली. पुन्हा विचारू नये." आणि स्वतःच टपालपेटीत टाकले.

महिन्याने बंद पाकीट आले. डॉक्टरांनी स्वतः लिहिले होते की वाचून फार वाईट वाटले. इतक्या लहानपणी जोडलेली नळी पुढे मुलासोबत वाढतेच असे नाही, जोडाशी पुन्हा अरुंद होते आणि पायांना रक्त कमी पोचते, हे आता कळत आहे, म्हणून दरसाल विचारत होतो. मला वाटले, हा डाव आहे, खोटे पकडायला लिहिले. पत्र खणात कोंडले. सात महिन्यांचे झबले नवव्या वर्षी अंगाला येत नाही, हे जन्मभर शिवणकाम करणारीला कळू नये?

आज प्रेमिला एकवीस वर्षांची आहे, पाचवा महिना चालू आहे. तिचे पाय बर्फागत असतात, जिना चढताना पोटऱ्या भरून येतात, डोके ठणकते. कन्हानच्या नर्सबाई म्हणाल्या, रक्तदाब फार आहे, मीठ कमी कर. जुने ऑपरेशन त्यांना कोण सांगणार? मला भीती वाटते. मी जगाचा संशय घेतला आणि घात मात्र माझ्याच हाताने केला.

५. सिंधूताई खोटे बोलली नव्हती. नळावरची माझी पहिली जागा तिला द्यावी.

इथे गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, हा कागद तुमी मेल्यावर उघडाचा. तवरोक पोरगी बाळंत होईन. मंग सांगून तिले काय फायदा?"

बारा वर्षांत मला कोणी इतके सरळ बोलले नव्हते. म्हणून शेवटचे कलम.

६. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहत ठेवू नये. दुसऱ्या साक्षीसाठी सिंधूताईला मीच हाक मारली आहे. सही होताच गुरुजींनी कन्हानला जाऊन हे प्रेमिला आणि जावई दोघांना वाचून दाखवावे. माझ्या तोंडाने होणार नाही. डोळ्याचे ऑपरेशन राहू द्या, मला मुंबईला जायचे आहे. दवाखान्याला तार अशी करावी: पाय गार पडतात, होय. पोटऱ्या दुखतात, होय. डोके दुखते, होय. मुलगी जिवंत आहे. घेऊन येते.

ठिकाण: इंदोरा, नागपूर. दिनांक ९ फेब्रुवारी १९८५.

सही: अंजनाबाई देवाजी रामटेके

साक्षीदार:
१. कृष्णकांत गजभिये, निवृत्त शिक्षक. पावणेदोनच्या बसने कन्हानला निघालो.
२. सिंधूताई मेश्राम, अंगठा. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिले: "नळाची जागा राहू दे. मुंबईले मी बी येतो, तुले एकटीले दिसत नाही."