बुक पोस्टात न बसलेली पानं

॥ श्री ॥
लांजा, जि. रत्नागिरी
२० जून २०२३

ती. रंगराव मामांस,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी तब्येत विचारली तर तुम्ही सांगितलं, की ट्यूब शिल्लक आहेत पण मोठ्या चाकाच्या नाहीत. हर्षलदादा म्हणतो, कानाचं यंत्र डबीत आणि डबी कपाटात. तेव्हा म्हटलं, पत्रच बरं. पत्रात ओरडावं लागत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही अमडापूर सोडून दादाकडे चिखलीला राहायला जाणार, हे त्याच्याकडूनच कळलं. दुकानातल्या सायकली गेल्याच आहेत, राहिली कॉमिक्सची पेटी. तीन खोल्यांत ती कुठं ठेवू, असं म्हणून त्यानं रद्दीवाल्याला सांगूनही ठेवलंय. मामा, त्या पेटीवर आम्ही मोठे झालो. पंक्चर निघेपर्यंत वाचायला फुकट, घरी न्यायचं तर भाडं. भाचीलाही सूट नाही, हे मी विसरलेली नाही.

ती पेटी माझ्या शाळेला द्या. वाडीवरची दोन शिक्षकांची शाळा आहे. कपाटात बोधकथा आहेत, त्यांना पोरं हात लावत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही लावत नाही.

दुसरं कारण मामी. भाड्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान सगळ्यात आधी फाटतं, आणि मामी ते नव्यानं हातानं चित्रं काढून, लिहून शिवायची. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, कपड्याच्या निळीचा निळा. मूळ शेवट तिनं पाहिलेला नसायचा, म्हणून दरोडेखोर कितीही खतरनाक असो, शेवटच्या पानावर तो हात धुऊन जेवायला बसलेला असायचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या हातचं आता एवढंच उरलंय. ती पानं रद्दीत गेली तर मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तुम्हाला ते ऐकूही येणार नाही.

पोस्ट, कुरिअर, एसटी, काय स्वस्त पडतं ते तुम्हीच बघा. पैसा घासून बघणारं आपल्या घरात तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही.

लोभ आहेच, तो पेटीसकट इकडे वळवावा.
आपली भाची,
समीक्षा


अमडापूर
४ जुलै २०२३

चि. समीक्षास,
रंगराव मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. यंत्र कपाटात नाही, देव्हाऱ्यात हाये. हर्षल तुले अर्धवट सांगते.

तुह्या कामासाठी चिखलीले दोन चकरा मारल्या. कुरिअरवाला आधी वजन विचारते, मंग गाव. गाव सांगतलं तर म्हणे, लांज्यापर्यंत देऊ, वाडीवर जाणार नाही. एसटीनं पेटी जाईल, पण मधात कुठं कुठं उतरवतील अन् चढवतील, त्याचा भरवसा नाही, अन् तुले डेपोत जाऊन बसा लागंन. स्पीड पोस्ट लवकर जाते, पण वजनही मोजते अन् अंतरही मोजते. तेवढ्या पैशात मी स्वतःच येऊन जाईन.

राह्यलं बुक पोस्ट. खिडकीवरच्या बाईनं नीट समजावून सांगतलं. छापील पुस्तकं पाहिजेत, पाकिटाची दोन्ही टोकं उघडी पाहिजेत, म्हणजे कोणालेही आत पाहता येते. वरून रजिस्टर केलं की पावती भेटते. साऱ्यात स्वस्त. आपले कॉमिक्स काही लपवासारखे नाहीत, पाहू दे कोणाले पाहायचे ते.

एकच अट हाये. आत पत्र चालत नाही, हातानं लिहिलेलं चालत नाही. म्हणून हे पत्र वेगळं. दहा-दहाचे गठ्ठे करून राह्यलो. खालीवर लग्नपत्रिकांचे पुठ्ठे लावले, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. सुतळीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी. सुतळी कागद कापते, रबर कापत नाही. पहिला गठ्ठा उद्या टाकतो. पोट्ट्यांले सांगजो, थुंकी लावून पान पलटवायचं नाही.

खर्चाचं मनावर घेऊ नको, पावत्या मात्र ठेवल्या हायेत.
तुहा मामा,
रंगराव


लांजा
२२ जुलै २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन गठ्ठे पोचले. एकही कोपरा दुमडलेला नाही. रबराच्या पट्ट्या पोरांनी गलोलीसाठी पळवल्या, त्यामुळे तुमचं नाव वाडीवर झालंय.

पण मामा, एकाही पुस्तकात शेवटचं पान नाही. शिवणीची भोकं आहेत, एका पुस्तकात दोऱ्याचा तुकडा आहे, पान नाही. मी तुमच्याकडे खास मागितलं होतं ते तेवढंच.

चौथीत अर्पिता नावाची मुलगी आहे. वर्षभर तिच्याकडून मोठ्यानं एक ओळ वाचून घेता आली नव्हती. तिनं तांबड्या टोपीच्या गुप्तहेराचं पुस्तक एका बैठकीत वाचलं, अडखळत, पण वाचलं. मग माझ्याकडे येऊन चोर कोण ते विचारलं. मला आठवेना. दुसरं पुस्तक दिलं, त्यालाही शेवट नाही. आता ती पुस्तक घेत नाही. म्हणते, बाई, अर्धं नको. बाकीचीही तिचं बघून पुस्तकं परत ठेवायला लागली आहेत. चार दिवस आणखी असंच गेलं तर तुमची पेटी माझ्या बोधकथांच्या शेजारी जाऊन बसेल.

पानं कुठं आहेत ते कळवावं.
आपली,
समीक्षा


अमडापूर
३ ऑगस्ट २०२३

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पानं माह्याजवळ हायेत. बिस्किटाच्या डब्यात. ब्लेडनं शिवण उसवली, एकाही पानाले इजा केली नाही. हातानं लिहिलेलं चालत नाही म्हणून बाईनं सांगतलं होतं, अन् ते सारं हातानंच लिहिलेलं हाये. नियम म्हणजे नियम.

अन् खरं सांगू काय. नियम नसता तरी मी दुसरं काही काढलं असतं. पुस्तकं दुकानाची होती, ती दिली. पानं तिच्या हातची हायेत. गठ्ठा हरवला तर भरपाई म्हणून पैसे भेटतील, पान कोण देईन? हर्षलची पुष्पांजली म्हणे, मामंजी, फोटो पाठवून द्या. हर्षलनं फोटो काढले, तुले पाठवले म्हणते. फोटोत हळद दिसते, बोटाले लागत नाही. मले एवढंच समजते.

त्या पोरीले सांग, चोर त्या घरचा सुतार होता. तुह्या मामीच्या पानावर तो जेवते, तेही सांग. राग येत असंन तर येऊ दे, पण पानं मी देणार नाही.

तब्येतीले जप. ओल्या कपड्यात बसू नको.
तुहा मामा,
रंगराव


लांजा
१६ ऑगस्ट २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुतार म्हणून सांगितलं. तो जेवतो तेही सांगितलं. अर्पिता म्हणाली, मग पान दाखवा. दादाचे फोटो आले, पण वाडीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. तिथं जाऊन उतरवून घेतले आणि पोरांना दाखवले. त्यांनी पाहिले आणि फोनमध्ये गेम आहे का ते विचारलं.

तुम्ही नियम अर्धाच धरलात. हातानं लिहिलेलं पुस्तकाच्या गठ्ठ्यात जात नसेल, तर मग ते पत्र झालं. पत्राला साधं पाकीट पुरतं. पोस्टकार्ड सोडलं तर त्याहून स्वस्त पोस्टात काही नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. एकेक पाठवा. हरवलं तर एक हरवेल.

आणि आता उलटून बोलते, भाची आहे म्हणून सोडून द्या. डबा तुम्ही शेवटचा कधी उघडला होता? मामीनं ती पानं ठेवून द्यायला काढली नव्हती. भाडं भरलेलं पोर शेवटाशिवाय घरी जाऊ नये, म्हणून काढली होती. तुम्हीच तिला म्हणायचात, पोट्टे पैसे परत मागतील, कर काहीतरी. घरातली भाकरी तव्यावर करपायची आणि ती चोराला जेवायला घालत बसलेली असायची.

रागावला तरी उत्तर पाठवायला विसरू नये.
आपली,
समीक्षा


अमडापूर
३० ऑगस्ट २०२३

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

तुह्या पत्राचा राग आला. म्हणून उत्तराले उशीर.

डबा काल उघडला. हर्षलनं फोटो काढले तवापासून उघडला नव्हता. हवा दमट, पानं एकमेकाले चिकटू लागली होती. कोणाची नीळ कोणाच्या हळदीवर गेली. आणखी काही महिन्यांत मीच ती खराब केली असती, पोस्टाले काऊन बोल लावू.

सोबत एक पान हाये. सुताराचं. साधं पाकीट. भेटलं की त्याच दिवशी कळवजो. तुहं पत्र येईस्तोवर दुसरं पाठवणार नाही.

तुहा मामा


लांजा
३१ ऑक्टोबर २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या पाकिटासह पाच पानं झाली. एकही हरवलं नाही. पोस्टमन आता शाळेच्या फाटकातूनच ओरडतो की शेवट आला. शिवायचं काम अर्पिताकडे आहे. जुन्या भोकांतूनच सुई घालते, नवं भोक पाडत नाही. मोठ्यानं वाचते, आणि दुसरं कोणी वाचायला लागलं की तिला राग येतो. माझ्या तोंडून गावचं बोलणं निसटलं की इथली पोरं मला मले-तुले म्हणून चिडवायची. आता मामीच्या पानांवरचं वऱ्हाडी वाचून सगळा वर्गच मले-तुले करतो. मुख्याध्यापक काळजीत आहेत.

एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या लक्षात आली होती का, माहीत नाही. माझ्या इतक्या वर्षांत आली नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बाई आहे. नऊवारी, हातात पळी. जादूगार असो, दरोडेखोर असो, चंद्रावरचा राक्षस असो, ती वाढते आहे. पोरं सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून बसली होती, तेव्हा अर्पितानं विचारलं, बाई, ही जेवते कधी?

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मामांना विचारते. ती जेवते असं एखादं पान डब्यात असेल तर आधी ते पाठवावं.

दिवाळीचे आगाऊ नमस्कार. पुष्पांजलीवहिनीच्या चकल्या खाऊन तिखटाची तक्रार करू नये.
आपली,
समीक्षा


चिखली
२२ नोव्हेंबर २०२३

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

चिखलीले आलो. दुकानाची चावी दिली. बिस्किटाचा डबा अन् एक पुस्तक एवढंच संगं आणलं.

डबा सारा पाह्यला. तू म्हणतं तसं पान नाही. राह्यलेली पानं काल साध्या पाकिटात टाकली, सारी एकाच वेळी. आता एकेकाची वाट पाहणं माह्यानं होत नाही.

एक पान मात्र पुस्तकाले शिवलेलंच होतं, ते मी उसवलं नव्हतं. उडत्या घोड्याचं. हर्षलच्या देवेशनं फाडलं होतं, अन् तिनं ते दवाखान्यात जायच्या आधी कराले घेतलं. घोडेस्वार घरी येते, घोडा बांधते, हात धुते. शेवटची चौकट रिकामी हाये. चौकटीच्या रेघा मारल्या, अन् तेवढंच झालं. ते मी कोणाले दाखवलं नाही. पहिल्या गठ्ठ्यात टाकाले निघालो होतो, अन् खिडकीवरून वापस आणलं.

ते पुस्तक आज पाठवलं. स्पीड पोस्टानं. पुष्पांजलीनं विचारलं, मामंजी, बरं वाटते ना? मी म्हटलं, हाव, बरं वाटते.

चौकट पोरांकडून भरून घेजो. तुले जमंन तसं कर, मले विचारू नको.
तुहा मामा,
रंगराव


लांजा
१४ डिसेंबर २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तक तिसऱ्या दिवशीच पोचलं होतं. पोरांचं भांडण मात्र आठवडाभर चाललं. चौकटीत काय असावं यावर नाही, रंग कोणते यावर. स्केचपेन नको, मामीचेच रंग पाहिजेत, असं शेवटी ठरलं. निळीची बाटली एका आजीच्या घरी मिळाली. चौकट भरली अर्पितानं, बाकीचे रंगाच्या वाट्या धरून बसले होते.

काय काढलं ते इथं लिहीत नाही. पुस्तक तुम्हाला परत पाठवलंय, ते तुमच्याकडेच राहावं असं वर्गाचं मत पडलं. एका पुस्तकाला दादाच्या तीन खोल्यांत जागा होईल. बुक पोस्टानं पाठवलं, पान आत शिवलेलंच. मी खिडकीवर मुद्दाम उघडून दाखवलं आणि हातानं काढलेलं आहे हेही सांगितलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, पुस्तकाचंच पान आहे, चालतं की. म्हणजे मामा, नियम तुम्ही समजलात तसा नव्हता. पण तुम्ही तसा समजलात म्हणून पानं निदान सुटी होऊन दिसली.

टोकं उघडी आहेत. पोस्टातल्या लोकांनी पाहून घेतलं, आता तुम्ही पाहा.
आपली,
समीक्षा


चिखली
२ जानेवारी २०२४

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद. वर्गाले पण सांगजो.

पुस्तक भेटलं. कोपरा दुमडला नाही. तुम्ही सुतळी वापरली, पुढच्या टायमाले वापरू नका.

पान पाह्यलं. घोडेस्वार वाढून राह्यला, अन् कोपऱ्यातली बाई मधात येऊन पाटावर बसली हाये. पळी त्याच्या हातात. लुगड्याची नीळ बरोबर जमली. मी ते देव्हाऱ्यात यंत्राच्या डबीजवळ ठेवलं होतं, मंग खाली काढलं, रोज वर चढून पाहाले गुडघे दुखते.

एक गोष्ट मात्र चुकली. ताटात पिवळं दिसते, म्हणजे वरण असंन. वरण तिले आवडे नाही. साऱ्यांचं झालं की उरलेलं खाय म्हणून वरणच तिच्या वाट्याले ये. तिले वांग्याचं भरीत आवडे, चुलीवर भाजलेलं, वरून कच्चं तेल. त्या पोरीले सांगजो. रंग कसा कराचा ते मी इथं करून पाह्यलं, हळदीत थोडी राख टाकली की जमते.

पान वापस पाठवू का, ते कळवजो. पाठवलं तर स्पीड पोस्टानंच पाठवीन.
तुहा मामा,
रंगराव