उंबरा राहू द्या

तीर्थरूप बाबा,

साष्टांग घालायला पाठ अजून तयार नाही, म्हणून नमस्कार उभ्यानेच करतो. हो, उभ्याने!

परांचीवरून पडून मणक्याला मार बसला तेव्हापासून पाय माझं ऐकत नव्हते. आता इथे इस्पितळात रोज दोन लाकडी दांड्यांमध्ये उभं करतात. दांड्या घट्ट धरायच्या आणि पाऊल टाकायचं.

काल उजवी दांडी कुरकुरली. लाकूड कुरकुरतंय आणि मी गप्प बसेन, तर तुमचा मुलगा कसला? एका हाताने ठोकून पाहिलं, दुसऱ्याने खालचा नट चाचपला. ढिला! "पाना द्या," म्हणून मान वर केली, तर व्यायाम घेणाऱ्या बाई बघतच राहिलेल्या.

"मिस्त्री, दांडी कोण धरणार?"

तेव्हा कळलं, माझे दोन्ही हात सुटलेत. तरी दांडी पुन्हा धरली नाही. तसाच टोकापर्यंत चालत गेलो, बाबा!

डावा पाय अजून फरपटतो. पाणी गरम की गार, हे त्याला कळत नाही. एवढं आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

ताई म्हणाली, माझी चाकांची खुर्ची आत यावी म्हणून तुम्ही उंबरा कापायला काढलाय. करवत खाली ठेवा. तो मी तासलाय, आणि तुम्ही मला धांदरट म्हणत किती नावं ठेवून मग बसवू दिला होतात! वेळ लागेल, चौकट धरावी लागेल, पण मी तो ओलांडूनच घरात येणार.

तुमचा,
धांदरट