दाराच्या बाजूला

दुबई, १९६५

प्रिय शहनाझ,

काल इथल्या देरा वस्तीतल्या एका घरातून थेट तुझ्यासारखं हसू ऐकू आलं आणि सगळं बदललं. आम्ही तब्लीगची पोरं दारोदार नमाजाला बोलावतो, तेव्हा दाराच्या बाजूला, नजर खाली घालून उभं राहायचं असतं. मी सरळ आत डोकावलो.

"आधी डोळे सांभाळ, मग नमाज शिकव!" घरमालक ओरडला. मी त्याची गचांडी धरली.

आमच्या जमातीचे अमीर, म्हणजे प्रमुख, हारुनचाचा म्हणाले, "खलास! उद्याच्या बोटीनं घरी जा."

कॉलेजसारखं हेही अर्धवट? तुझे अब्बा म्हणालेत, "जमातीची फेरी पुरी कर, मग निकाहाचं बोलू."

मी त्याच दारी माफी मागायला चाललोय; ती मिळाली तर चाचा मला ठेवून घेतील. बाजूला उभा राहीन, आत कुणीही हसो. माफी मिळेपर्यंत हे पत्र टाकणार नाही. उशाखाली ठेवतो आणि खोलीचं दार ओढून निघतो.

तुझाच, अजून तापट,
मुश्ताक